जागरण एकीला सोसतं, दुसरीला का नाही?

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण एकाच वॉर्डात रात्रपाळी करतो. झोप दोघींचीही जेमतेम पाच तास. पहाटे ती तरतरीत असते, माझ्या मात्र नोंदी चुकतात. माझंच मन कमकुवत आहे का?

उत्तर : मुळीच नाही, हे मनातून काढून टाका. झोपेचे अभ्यासक व्हॅन डोंगेन, डिंजेस आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये काही जणांना पुन्हापुन्हा 36 तास जागं ठेवलं. आदल्या आठवड्यात झोप भरपूर मिळालेली असो वा कमी, प्रत्येकाच्या कामगिरीतली घसरण दरवेळी साधारण स्वतःच्याच पातळीवर राहिली. म्हणजे हा अंगचा गुण आहे. शिवाय पेंग येणं, विचार मंदावणं आणि लक्ष तुटणं या तीन गोष्टी एकाच माणसात सारख्या बिघडत नाहीत. त्यामुळे मैत्रिणीला ताजंतवानं वाटतं म्हणून तिचं लक्ष शाबूत आहे असं धरू नका. लक्ष मोजण्याच्या चाचणीत दहा मिनिटं पडद्यावर खूण दिसताच बटण दाबायचं असतं. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला की चूक. जागरणात माणूस नुसता संथ होत नाही, मधूनच काही क्षण पार हरवतो. औषधाची मात्रा लिहिताना नेमकं हेच घडू शकतं.

पहाटे 3 ते 6 मध्ये औषधांची मात्रा दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्या. परवानगी असेल तर त्याआधी 20 मिनिटं डुलकी काढा. उठल्यावर पहिली 15 मिनिटं जोखमीचं काम नको. घरी झोपण्याच्या सहा तास आधी चहा-कॉफी बंद. घरी जाताना स्वतः गाडी चालवू नका.