घराभोवतीचे पक्षी : तुमचे प्रश्न

५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्यामुळे या महिन्यात पत्रांचा ओघ नेहमीच वाढतो. या वेळी बहुतेक पत्रं पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आली आहेत. मी स्वतः एरंडवण्यात राहते, त्यामुळे उत्तरं लिहिताना मला फार लांब जावं लागलं नाही.

मी नुकताच निवृत्त झालो आहे. पत्नी आणि मी, दोघांनाही पक्षी बघायला सुरुवात करायची आहे, पण गुडघ्यांमुळे टेकडी चढवत नाही. कोथरूडसारख्या भागात राहून काय दिसणार? आणि दुर्बीण कोणती घ्यावी?

टेकडी चढूच नका. घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एखादा मोठा वड, पिंपळ किंवा उंबर शोधा आणि त्याच्यावर लक्ष ठेवा. झाडाला फळं धरली की पक्षी आपणहून तुमच्याकडे येतील. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पिंपळ आहे. तो फळांनी भरला की पहाटेपासून त्याच्यावर गर्दी असते. कोकीळ, साळुंक्या, बुलबुल हे तर असतातच, पण नीट बघितलं तर पानांच्या रंगात मिसळून गेलेले हरियालही सापडतात. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पायांचा पिवळा रंग दिसला की ओळख पक्की. तो खायला बसला की फारसा हलत नाही, म्हणून माणसं त्याच्याखालून रोज जातात आणि त्यांना पत्ता लागत नाही.

तांबटाची ओळख मात्र करून घ्याच. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ आणि छातीवर लाल, डोळ्याभोवती पिवळा. थंडीत तो फारसा बोलत नाही. फेब्रुवारीत ऊन तापू लागलं की दिवसभर त्याचं टुक टुक सुरू होतं. बोलताना तो मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. अशा वेळी आवाजामागे न जाता झाडाचे वठलेले शेंडे बघा. घरटंही तो अशाच वाळक्या फांदीत, बहुधा खालच्या बाजूने, गोल भोक पाडून करतो. सोसायटीत शेवगा किंवा गुलमोहर असेल आणि माळी छाटणीला आला असेल, तर सुकलेली फांदी धोक्याची नसल्यास राहू द्यायला सांगा. ती एक फांदी म्हणजे एका जोडीचं घर असतं. हे मी अगदी कळकळीने सांगते आहे.

सपाट रस्त्यांसाठी पुणे विद्यापीठाचं आवार उत्तम. चारशे एकरांहून मोठं आहे, झाडं जुनी आहेत आणि दमलं तर बसता येतं. तिथे राखी धनेश दिसण्याची चांगली शक्यता आहे. उन्हाळ्यात धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते, एक चिंचोळी फट तेवढी ठेवते. नर गळ्यात साठवून आणलेली वड-पिंपळाची फळं एकेक वर काढून त्या फटीतून तिला भरवतो. हे लांबून, शांतपणे बसून बघण्यासारखं आहे आणि त्याला गुडघे लागत नाहीत. पाषाण तलावाचा बांधही सपाटच आहे. सध्या सकाळी सात ते नऊ ही वेळ चांगली.

दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार दहा पटीची किंवा त्याहून जास्तीची दाखवतील. ती हातात थरथरते आणि फांद्यांमधला पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली करून बघा. आणि दोघांत एकच घेऊ नका, भांडणं होतात. हे मी आजूबाजूच्या जोडप्यांकडे बघून सांगते आहे.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला पक्ष्यांची पुस्तकं आवडतात, पण प्रत्यक्ष नेलं की अर्ध्या तासात कंटाळतो. भिगवणला फ्लेमिंगो दाखवायला न्यावं का? (चिंचवडहून एक आई)

न्या, पण नोव्हेंबरात नको. भिगवण म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचं मागचं पाणी, पुण्याहून शंभरेक किलोमीटर. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं. पाणी ओसरून उथळ चिखल उघडा पडला की रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, चरायला जागा होते. म्हणून जानेवारी ते मार्च धरून चला, आणि निघण्याआधी कुंभारगावच्या नाववाल्यांना फोन करून विचारा. ती मंडळी मूळची मासेमारी करणारी आहेत, पाण्याची त्यांना खडान्‌खडा माहिती असते. चक्रवाक आणि पट्टकदंब हंस हे हिमालयापलीकडून आलेले पाहुणेही तिथे दिसतात. नावेत बसताना एवढं स्पष्ट सांगा की थवा उडवायचा नाही. उडणारा थवा बघायला मजा येते खरी, पण पक्ष्यांचं खाणं थांबतं आणि ते सारखे सारखे उठत राहिले तर ती जागाच सोडतात. कुरव पक्ष्यांना, म्हणजे सीगल्सना, शेव-फरसाण टाकणंही नको. मुलांना ते करायला फार आवडतं, म्हणून आधीच सांगून ठेवा.

पण मुलाचा कंटाळा भिगवणने जाणार नाही. नऊ वर्षांच्या मुलाला नुसतं 'तो बघ पक्षी' पुरत नाही, त्याच्या हाताला काम लागतं. सध्या सुगरणीची घरटी रिकामी आहेत. शहराबाहेर कुठल्याही शेतातल्या विहिरीवरच्या बाभळीकडे न्या. खाली पडलेलं एखादं घरटं सापडलं तर हातात घेऊन बघू द्या. विणीच्या आतल्या बाजूला वाळलेल्या चिखलाचे गोळे चिकटवलेले सापडतात का, ते त्याला शोधू द्या. नर ते लावतो. मग झाडावर बघा, काही घरटी अर्धवट टोपीसारखी लटकत असतात. नर तिथवर विणून मादीची वाट बघतो. तिला पसंत पडलं तर पुढची नळी विणतो, नाही तर ते तसंच राहतं. किती पूर्ण, किती अर्धी, ते त्याला मोजून वहीत लिहायला सांगा. बघून झालं की घरटं होतं तिथेच ठेवायचं.

फेब्रुवारीत जगभर चार दिवस परसातल्या पक्ष्यांची गणना असते. घराच्या गॅलरीत पंधरा मिनिटं बसूनही भाग घेता येतो. ते अवश्य करा.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर उन्हाळ्यात टिटवीने अंडी घातली होती. टिटवीचं रात्री ओरडणं अपशकुनी म्हणून काहींनी ती टाकून द्यायचा आग्रह धरला. पुढच्या वर्षी पुन्हा आली तर काय करायचं?

अपशकुन वगैरे काही नाही. टिटवी रात्री जागी असते आणि कुत्रं, मांजर, माणूस जवळ आलं की ओरडते, एवढंच. ती खरं तर माळरानातली. दगडगोट्यांत एक खळगा करते आणि साधारण चार अंडी घालते, मातीच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची. माळ गेले, इमारती आल्या. खडी पसरलेली गच्ची तिला माळासारखी वाटते. कडक उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, गारव्यासाठी. गच्चीच्या एका कोपऱ्यात उथळ पाणी ठेवलंत तर तिचा एक लांबचा फेरा वाचेल.

अंडी हलवायची नाहीत. टाकायची तर अजिबात नाहीत, तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. साधारण चार आठवड्यांनी पिल्लं निघतात, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. टिटवीची पिल्लं निघाल्या निघाल्या चालू लागतात आणि स्वतःच किडे टिपून खातात. आईबाप त्यांना भरवत नाहीत. गच्चीवर खायला काही नसतं आणि कठड्यावरून खाली पडायची भीती असते. म्हणून अंडी दिसली की त्याच आठवड्यात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या वन्यजीव बचाव पथकाला कळवून ठेवा. पिल्लं सुखरूप खाली जवळच्या मोकळ्या जागेत कशी न्यायची ते त्यांना ठाऊक असतं. आईबापांच्या नजरेसमोर नेली तर ते मागोमाग येतात. तोवर गच्चीच्या दाराला कुलूप लावा आणि पापड-कुरडया दुसऱ्या गच्चीवर वाळवा.

गॅलरीत धान्य टाकतो, पण फक्त पारवेच येतात. चिमण्या का येत नाहीत?

धान्य बंद करा. पारव्यांची संख्या आपण पोसून वाढवतो, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ दम्याच्या, फुप्फुसाच्या रुग्णांना त्रासाची असते. त्याऐवजी मातीच्या परळात दोन बोटं पाणी ठेवा आणि रोज बदला, नाही तर डास होतात. जास्वंदीची कुंडी लावा, फुलातला मध पिणारा इवलासा शिंजीर येईल. चिमणीला दाण्यापेक्षा घरट्याला जागा आणि पिल्लांसाठी अळ्या-किडे हवे असतात. लाकडी खोका लावणार असाल तर भोक सव्वा इंचाचं ठेवा, म्हणजे साळुंकी आत शिरणार नाही.

सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत फोटो काढायला आमचा ग्रुप जातो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवला की स्वर्गीय नर्तक लगेच समोर येतो. सगळेच करतात. यात चूक आहे का?

आहे. नर्तक समोर येतो तो तुमच्या कॅमेऱ्यासाठी नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं त्याला वाटतं. तो खाणं सोडतो, घरटं असेल तर तेही सोडतो, आणि नसलेल्या शत्रूला शोधत उघड्यावर फिरत राहतो, जिथे शिक्रा हा शिकारी पक्षी त्याला सहज उचलू शकतो. तुमचा ग्रुप गेला की दुसरा येतो, तोही तेच वाजवतो. रविवारी त्या ओढ्याकाठी किती गाड्या लागतात ते तुम्हीच बघता. त्या पक्ष्याचा अख्खा दिवस यात जातो.

फोटो हवाच असेल तर ओढ्यात पाणी साचलेल्या जागेपासून पंधरा-वीस पावलांवर, झुडपाच्या आडोशाला, न बोलता बसा. दुपारी नर्तक आंघोळीला येतो. झेप घेऊन पाण्याला लागतो, फांदीवर जातो, पिसं झाडतो, पुन्हा झेप. लांब पांढरी शेपूट दर वेळी पाण्यावर रेघ ओढून जाते. तो निवांत असतो, म्हणून फोटोही चांगले येतात. कस्तुर आणि निळा माशीमारही त्याच पाण्यावर येतात. आणि घरट्यासमोरच्या फांद्या फोटोसाठी वाकवणारा किंवा तोडणारा कोणी तुमच्या ग्रुपमध्ये असेल, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. आडोसा गेला की कावळ्याला ते घरटं दुरून दिसतं.

कवडीला गेलो. नदीला इतका वास, पाण्यावर फेस, बंधाऱ्याला अडकलेलं प्लास्टिक, आणि तरी पक्षी शेकड्यांनी! घाण पाणी पक्ष्यांना आवडतं का? तिथे मुलांना न्यावं का? (हडपसरहून)

आलेल्या पत्रांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हा. कवडी मुळा-मुठेच्या काठी, पुण्याच्या खालच्या अंगाला, सोलापूर रस्त्याजवळ आहे. म्हणजे शहराने नदीत जे सोडलं ते सगळं तिथून पुढे जातं. मैल्यात सेंद्रिय भाग भरपूर असतो. त्यावर चिखलातल्या अळ्या आणि किडे बेसुमार वाढतात. शेकाटे, तुतवार, धोबी, शराटी या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना ते आयतं अन्न. म्हणून लांब गुलाबी पायांचे शेकाटे तिथे दाटीवाटीने उभे असतात. ते नदी चांगली असल्याचं लक्षण नाही.

नदीची प्रकृती बघायची तर दुसऱ्या पक्ष्यांकडे बघा. काळा-पांढरा कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, खाली नजर लावतो आणि सरळ सूर मारतो. त्याला मासा वरून दिसावा लागतो, म्हणजे पाणी नितळ लागतं. नदी सुरयाचंही तसंच, शिवाय त्याला अंडी घालायला नदीतली वाळूची बेटं लागतात. वाळू उपसली की ती बेटं गेली. त्यामुळे कवडीला गेलात की शेकाटे किती हे लिहाच, पण धीवर किती वेळा सूर मारतो आणि किती वेळा मासा घेऊन वर येतो, हेही लिहा. दर महिन्याला, त्याच जागी उभं राहून. अशी दोन-तीन हिवाळ्यांची वही झाली की ती घेऊन आपल्या नगरसेवकाकडे जाता येतं. नुसती 'नदी घाण आहे' ही तक्रार घेऊन गेलं तर ऐकून सोडून देतात.

मुलांना जरूर न्या. आपल्या घरातलं पाणी मोरीतून कुठे जातं ते त्यांना कळलं पाहिजे, आणि चक्रवाकाची केशरी जोडी त्याच पाण्यात उतरलेली त्यांनी बघितली पाहिजे. सूर्य पाठीशी राहील अशा बेताने उभे राहा, रंग नीट दिसतात. काठावरच्या चिखलात उतरू देऊ नका, तो बूट ओढून घेतो. बंधाऱ्यावर शेवाळ असतं, तिथे हात धरा. आणि हात धुवायला पाण्याची बाटली घरून भरून न्या, डबा खायच्या आधी लागेल.