जर्मन कुटुंबातील तीन आठवडे

प्रश्न : माझी मुलगी नववीत असून शाळेत जर्मन शिकते. उन्हाळ्यात तिला तीन आठवडे जर्मनीत एखाद्या कुटुंबात राहून भाषा शिकण्यासाठी पाठवावे का? आम्ही शाकाहारी आहोत.
— एक पालक, पुणे

उत्तर : जरूर पाठवावे; अडचण आहे ती तारखांची. आपली सुटी एप्रिल-मेमध्ये असते, तर जर्मनीतील शाळांची उन्हाळी सुटी राज्याराज्यांत मागेपुढे होत साधारण जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते आणि किशोरांसाठीचे भाषावर्ग मुख्यतः त्याच काळात भरतात, त्यामुळे शाळेची रजा आधी मंजूर करून घ्यावी. त्याच घरात दुसरी भारतीय मुलगी ठेवणार नाहीत ना, हे आयोजकांना लेखी विचारावे. दोघी एकत्र आल्या की बोलणे मराठीत नाहीतर इंग्रजीत चालते आणि खर्च पाण्यात जातो. नुसते ‘शाकाहारी’ न लिहिता मांस, मासे, अंडी वर्ज्य असे स्पष्ट कळवावे. तेथे पुष्कळ घरांत रात्रीचे जेवण म्हणजे पाव, चीज आणि काकडीच्या चकत्या, तेही थंड. गरम वरणभाताची सवय असलेल्या मुलीला हे आधीच सांगितलेले बरे. अल्पमुदतीच्या शेंगेन (जर्मनीसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या) व्हिसासाठी प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. मुलगी अल्पवयीन असल्याने आईवडील दोघांची संमती आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा जोडावा लागतो.