पावसाआधी यूबीआय नीट समजून घे
देवगडच्या जेटीवरचा तुझा बोर्ड भर पावसात अडकला, तर छत्री घेऊन तुलाच धावावं लागेल. म्हणून आत्ताच सांगतो. यूबीआय म्हणजे लिनक्समधला, बोर्डावरच्या फ्लॅश चिपचे ब्लॉक सांभाळणारा थर. नँड फ्लॅश (वीज गेली तरी माहिती टिकवणारी मेमरी चिप) थेट ‘फ्लॅश-इरेज’ या हुकमाने पुसू नकोस. कुठला ब्लॉक किती वेळा पुसला, याची नोंद यूबीआय त्या ब्लॉकच्याच सुरुवातीला ठेवतं. ती गेली की पुसण्याने होणारी झीज सगळ्या ब्लॉकांत सारखी वाटून द्यायची कशाच्या आधारावर? ‘यूबीआय-फॉरमॅट’ हा हुकूम ती नोंद जपतो.

यूबीआयला हुकूम ज्यांतून द्यायचे, त्या डिव्हाइस फाइलींत नवखे हमखास गोंधळतात. ‘यूबीआय-कंट्रोल’वरून फ्लॅशचं पार्टिशन यूबीआयला जोडायचं-सोडायचं, त्यातले व्हॉल्यूम (साठवणीचे भाग) बनवायचे-काढायचे ते ‘यूबीआय-शून्य’वर, म्हणजे जोडलेल्या पहिल्या यूबीआय डिव्हाइसवर.

खरं दुखणं पुढेच आहे. आपल्याकडे मृग लागला की लाइट कधी जाईल याचा नेम नाही. व्हॉल्यूम अपडेट सुरू होतानाच यूबीआय त्यावर खूण करतं. मध्येच वीज गेली तर खूण तशीच राहते, आणि अपडेट पुन्हा पूर्ण केल्याशिवाय तो व्हॉल्यूम वाचताच येत नाही. मिऱ्याच्या किनाऱ्यावरचा माझा बोर्ड असाच दोन दिवस मुका होता. तेव्हापासून मी दोन व्हॉल्यूम ठेवतो. तूही ठेव: नवं दुसऱ्यात लिही, वाचून तपास, मग ‘यूबीआय-रीनेम’ने दोन्ही नावांची एकाच हुकमात अदलाबदल कर. वीज गेली तरी ही अदलाबदल अर्धवट राहत नाही.