घर का सोडले, हे विचारण्याआधी

बेळगाव

अनेक आशीर्वाद.

कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतील कुटुंबांवर लिहिण्याचे तू ठरवले आहेस, हे वाचून समाधान वाटले. मात्र तुझ्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न, ‘घर जीव वाचवण्यासाठी सोडले की चांगल्या आयुष्यासाठी?’, तू काढून टाकावास, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

निर्वासित कोणाला म्हणावे हे ठरवताना १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळ होण्याची साधार भीती हा निकष धरला. (भारताने त्यावर सही केलेली नाही, हे ध्यानात असू दे.) कायद्याला असा निकष लागतोच, पण उंबरठा ओलांडणाऱ्या आईच्या मनात कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. १९५९ मध्ये दलाई लामांच्या मागोमाग आलेल्यांना जिवाची भीती होती. पुढे १९८० नंतर मात्र अनेक आईबापांनी स्वतः मागे राहून कोवळी मुले वाटाड्यांच्या हवाली केली आणि हिमालयापार धाडली, ती त्यांना आपल्या भाषेत शिकता यावे, आपला धर्म मोकळेपणाने पाळता यावा म्हणून. ही भीती म्हणायची की आकांक्षा? १९६६ साली वसलेल्या या वसाहतीत ल्हासाजवळचे ड्रेपुंग आणि गादेन हे मठ पुन्हा उभे राहिले, तेही याच ओढीने.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चिकोडी तालुक्यातल्या एका निवारा केंद्रावर मी मदतीला होतो. अगदी शेवटच्या बोटीने आलेल्या एका आजींना मी विचारले, ‘आधीच का निघाला नाहीत?’ ‘दावणीला म्हस हाय, तिला सोडून कसं येऊ?’ एवढे बोलून त्या दिवसभर गप्प राहिल्या. माझ्या प्रश्नात आरोप होता, हे मला उशिरा उमगले. पूरग्रस्त म्हणजे निर्वासित नव्हेत. पाणी ओसरल्यावर आजी घरी परतल्या, तिबेटी आजोबांना ती वाट मोकळी नाही. पण माणूस शेवटच्या क्षणापर्यंत कशासाठी थांबतो, हे दोघांकडूनही कळते, आणि म्हणून तू निघण्याचे कारण विचारण्याऐवजी कशापायी पाय निघत नव्हता, मागे कोण राहिले, सोबत काय घेतले, हे विचार.

वसाहतीतच जन्मलेल्यांना ‘घर का सोडले’ असे विचारूच नकोस. हिवाळ्यात बरीच कुटुंबे स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात, म्हणून लोसारच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. आणि पहिल्या भेटीत वही पिशवीतच राहू दे.