इंजिन थांबलं? लगेच सेल्फ मारू नका

जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनांबद्दल येणाऱ्या प्रश्नांत एक गोष्ट सतत दिसते. मूळ बिघाड लहान असतो, पुढच्या दहा मिनिटांतली घाई तो मोठा करते. बेअरिंग गेलेल्या इंजिनावर ‘बघू तरी’ म्हणून मारलेला एक सेल्फ क्रँकशाफ्टवर (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) कायमचे ओरखडे पाडतो. म्हणून खालच्या उत्तरांत उघडण्याआधी काय ऐकायचं, पाहायचं आणि मोजायचं, यावर भर आहे. मापं बरीचशी ‘थाऊ’मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात दिली आहेत, कारण यातल्या बहुतेक गाड्यांची मूळ मापं तशीच आहेत.

प्रश्न : माझी १९७० ची एमजीबी अर्धा तास उत्तम चालते आणि मग एकदम बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. कार्ब्युरेटर दोनदा साफ करून झाले. काय पाहू?

कार्ब्युरेटरला आता हात लावू नका. गरम झाल्यावर जाणारा आणि थंड झाल्यावर परत येणारा दोष बहुतेक वेळा करंटच्या बाजूचा असतो. खात्री करायला तुमच्या गाडीतच एक चांगलं साधन आहे : विजेवर चालणारं टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा क्लच न दाबता, गिअरमध्येच ती घरंगळू द्या आणि काट्याकडे पाहा. चाकं इंजिन फिरवत असतानाही काटा धपकन शून्यावर आला, तर कॉईलकडे (ठिणगीसाठी लागणारा जास्त व्होल्टेज तयार करणारी) जाणारा किंवा पॉइंटमधून (तो करंट जोडणारी-तोडणारी टोकं) जाणारा करंट तुटला आहे. काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरला, तर हे १२ व्होल्टचं प्रायमरी सर्किट शाबूत आहे. मग पेट्रोल किंवा रोटरकडे (ठिणगी आळीपाळीनं प्रत्येक प्लगकडे वळवणारा फिरता तुकडा) वळा.

काटा शून्यावर येत असेल तर आधी कॉईल मोजा. इग्निशन बंद, दोन्ही बारीक वायरी सुट्या, मीटर ओहमवर. तुमच्या मॉडेलला बॅलास्ट (करंट कमी करणारा रेझिस्टन्स) नसलेली कॉईल लागते, तिच्या प्रायमरीचं वाचन ३ ओहमच्या आसपास यायला हवं. दीड ओहम आलं, तर कुणीतरी बॅलास्टवर चालणारी कॉईल थेट १२ व्होल्टला जोडली आहे. अशी कॉईल दुप्पट करंट ओढते, हात लावता येणार नाही इतकी तापते आणि पॉइंटही जाळते. तुम्ही सांगता तो अर्धा तास या दोषाशी नेमका जुळतो.

कॉईल ठीक निघाली तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. आत पॉइंटकडे जाणारी एक मऊ, विणलेली छोटी वायर असते. व्हॅक्यूम अॅडव्हान्स प्लेट हलवतो तशी ती प्रत्येक वेळी वाकते. कापडी आवरण झिजलं की आतले तांब्याचे धागे बॉडीला टेकतात. बोटानं प्लेट फिरवून वायर कुठे घासते ते पाहा. पॉइंटची टोकं जळून खड्डे पडले असतील तर कंडेन्सर (पॉइंटवर उडणारी ठिणगी शोषणारा छोटा भाग) बदला. त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड असते, पण थंड असताना मीटरवर बरोबर दिसणारा कंडेन्सरही गरम झाल्यावर दगा देतो, त्यामुळे मोजण्यापेक्षा बदलून पाहणं बरं. पॉइंटचं अंतर १४ ते १६ थाऊ ठेवा.

रोटरची चाचणी अशी : कॉईलची जाड वायर टोपीतून काढून रोटरच्या पितळी पट्टीपासून ३ मिलिमीटरवर, इन्सुलेटेड पकडीनं धरा. इग्निशन चालू करा, पॉइंट मिटलेले असताना काडीनं उघडा. रोटरवर ठिणगी उडी मारत असेल तर ती त्याच्या प्लास्टिकमधून खालच्या दांड्यात उतरते आहे. तो रोटर फेकून द्या, दिसायला कितीही नवा असला तरी.

काटा सावकाश उतरत असेल तर गाडी थांबल्याबरोबर इग्निशन चालू ठेवून मागच्या एसयू पंपाकडे (विजेवर चालणारा पेट्रोल पंप) कान द्या. चार-दोन टिकटिक होऊन शांत झाला तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे कप्पे) भरलेले आहेत. सतत भरभर टिकटिकत राहिला तर तो हवा ओढतो आहे किंवा टाकी रिकामी आहे. एकही आवाज नाही आणि बॉडीवर हलकं ठोकल्यावर सुरू झाला, तर पंपाचे पॉइंट गेले. टाकीचं झाकण उघडताना सुस्स करून हवा आत गेली, तर टाकीचा श्वास कोंडला आहे. या तपासणीत गरम इंजिनाजवळ पेट्रोलची नळी सोडू नका.

प्रश्न : ट्रायम्फ स्पिटफायर १५००. क्लच दाबला की इंजिनाचा आवाज बदलतो आणि आयडलिंग किंचित खाली येतं. क्लच प्लेट बदलायची का?

क्लचपेक्षा महत्त्वाचं काही बिघडत असावं, आणि ते तपासेपर्यंत गाडी चालवू नये. क्लच दाबताना क्रँकशाफ्ट पुढे ढकलला जातो. तो जोर झेलायला मागच्या मेन बेअरिंगपाशी अर्धचंद्राच्या आकाराचे दोन थ्रस्ट वॉशर असतात, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. मागचा झिजतो. पुरेसा झिजला की खोबणीतून निसटून ऑइल चेंबरमध्ये पडतो, आणि त्यानंतर फिरता पोलादी क्रँक थेट बीडाच्या ब्लॉकवर घासू लागतो. तिथून ब्लॉक वाचवणं कठीण.

तपासायला पाच मिनिटं लागतात. इंजिन बंद, डायल गेजचं टोक पुढच्या पुलीवर टेकवा, दुसऱ्याला क्लच पूर्ण दाबून सोडायला सांगा. हालचाल ४ ते ८ थाऊ (०.१० ते ०.२० मिलिमीटर) असायला हवी. १५ थाऊ दिसली तर काम पुढे ढकलू नका. पुली नुसत्या डोळ्यांना पुढेमागे होताना दिसली, तर वॉशर बहुधा आधीच पडला आहे.

वॉशर निसटलेला नसेल तर इंजिन न उतरवता काम होतं. ऑइल काढा, चेंबर उतरवा, मागच्या मेन बेअरिंगची कॅप काढा आणि जुना वॉशर पातळ पट्टीनं ढकलून वळवत बाहेर घ्या. नवा बसवताना तेलाच्या खाचा असलेली बाजू क्रँककडे हवी, ब्लॉककडे नव्हे. उलटा बसलेला वॉशर फार टिकत नाही, आणि ही चूक दर वेळी कुणीतरी करतंच. साध्या मापानं अंतर भरत नसेल तर जाड वॉशर मिळतात. मोजून घ्या, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या जाडीचे चालतात.

पुढे सवय बदला : न्यूट्रलमध्ये, क्लचवर पाय न ठेवता सेल्फ मारा. त्या क्षणी वॉशरवर तेलाचा थर नसतो. सिग्नललाही क्लच दाबून उभे राहू नका.

प्रश्न : जग्वार ई-टाइप ४.२. वेगात असताना ऑइल प्रेशर पडलं, खालून जड ठोके ऐकू आले. तिथेच बंद करून गाडी ओढून आणली. आता नुसतं बिग एंड (कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्यामधलं) बेअरिंग बदलून भागेल का?

तिथेच बंद केलीत, हे फार बरं केलंत. या गाड्यांचा विजेवर चालणारा प्रेशर सेन्सर खोटं बोलतो, म्हणून नुसता काटा पडला असता तर आधी यांत्रिक गेज लावून पाहा म्हटलं असतं. ठोक्यांसह पडला आहे, तेव्हा शंका नको.

ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये सोडा. शेवटचं अर्धा लिटर वेगळं धरा, गाळ त्यातच येतो. चुंबक फिरवा : चिकटणारा चुरा लोखंडाचा, न चिकटणारी चमक बेअरिंगच्या धातूची. फिल्टरचा कागद कापून पिळा आणि उन्हात उलगडा. तांबूस कण दिसले, तर बेअरिंगचा वरचा मऊ थर संपून खालचा उघडा पडला आहे. मग नुसत्या नव्या बेअरिंगनं भागत नाही. इंजिन गिअरबॉक्ससकट बाहेर काढावं लागेल.

क्रँकचा प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरनं दोन ठिकाणी, एकमेकांना काटकोनात मोजा. एक थाऊहून जास्त अंडाकृती झालं असेल तर ग्राइंड करून १०, २० किंवा ३० थाऊ अंडरसाइझ (तेवढ्या बारीक झालेल्या जर्नलसाठीचं) बेअरिंग घ्या. ग्राइंड करणाऱ्याला कोपऱ्यांची गोलाई जशीच्या तशी ठेवायला बजावा, काटकोनी कोपऱ्यातूनच क्रँक तडकतो.

यानंतरची गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. क्रँकच्या आत तेलाच्या वाटा आहेत आणि त्यांना बुचं बसवलेली असतात. बेअरिंगचा चुरा त्या बुचांमागे घट्ट दाबून बसतो. बाहेरून हवा मारून तो निघत नाही. सगळी बुचं काढा, ब्रशनं धुवा, नवी बसवा. नाहीतर गरम तेलाबरोबर तो सुटेल आणि नव्या बेअरिंगांत रुतेल. फिल्टरच्या हाउसिंगमधला रिलीफ व्हॉल्व्हही खोला. त्याच्या सीटवर एक कण अडकला तरी प्रेशर पडतं. जुळणी झाल्यावर गरम इंजिनाला ३००० आरपीएमला ४० पीएसआयच्या आसपास मिळायला हवं.

प्रश्न : अल्फा रोमिओ स्पायडर बारा वर्षं उभी आहे, इंजिन जाम आहे. गिअरमध्ये टाकून ओढून पाहू?

अजिबात नको. पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतली नळी) गंजानं चिकटल्या असतील तर रिंगांच्या खाचांमधली पिस्टनची कड तुटेल, आणि एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकला असेल तर पिस्टन त्याच्यावर आपटेल. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ३० ते ५० मिलिलिटर गंज सोडवणारं तेल घाला आणि आठवडाभर विसरा. पातळी उतरली की भर घाला. मग पुढच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावून दोन्ही दिशांना अगदी थोडं झुलवा. आज केसभर हलला तर उद्या बोटभर हलेल. त्याच्याशी भांडू नका.

हेड उतरवावंच लागलं तर एक लक्षात ठेवा : या इंजिनात लायनर ब्लॉकमध्ये सुटे बसतात, वरून हेडच त्यांना दाबून ठेवतं. हेड नसताना क्रँक फिरवला तर लायनर वर उचलले जातात, तळाचं सील सुटतं आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. आधी क्लॅम्पनं लायनर बांधा. इंजिन सुटल्यावर नवं ऑइल, कॅमवर हातानं ओतलेलं तेल, आणि प्लग काढलेलेच ठेवून प्रेशर येईपर्यंत सेल्फ. त्याआधी ठिणगी नको.

प्रश्न : टीआर६ चं इंजिन नुकतं बांधलं. ८०० किलोमीटरमध्ये कॅमशाफ्टचे दोन लोब (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) घासून गोल झाले. कॅम खराब होता का?

असू शकतो, पण आधी स्वतःची जुळणी तपासा. जुने टॅपेट (लोबवर टेकून वर-खाली होणारे तुकडे) नव्या कॅमवर घातले होते का? टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो, त्यामुळेच तो फिरतो. जुन्या कॅमवर सपाट झालेला फिरत नाही, एकाच रेषेवर घासत राहतो. दुसरं, पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन आयडलवर ठेवलंत का? कॅमला तेल क्रँकच्या फेकीतून मिळतं, आयडलला ते पुरत नाही. टायमिंग आधीच लावून, फ्लोट चेंबर भरून, कॅमवर मॉलिब्डेनम पेस्ट चोपडून इंजिन सुरू व्हायला हवं आणि पहिली २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमच्या मध्ये वरखाली करत ठेवायला हवं. तिसरं, ऑइल. आधुनिक पातळ ऑइलांत जस्त-फॉस्फरसचं मिश्रण कमी केलेलं आहे, कारण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतो. तुमच्या कॅमला तेच मिश्रण वाचवतं. १००० ते १२०० पीपीएम जस्त असलेलं २०डब्ल्यू-५० घ्या. आणि नवा कॅम घालण्याआधी चेंबर उतरवून लोबचा चुरा बेअरिंगांत गेला का, ते पाहा.

प्रश्न : कनेक्टिंग रॉड तुटून मूळ नंबरच्या ब्लॉकला मुठीएवढं भोक पडलं आहे. ब्लॉक भंगारात द्यावा का?

देऊ नका. भोक मेन बेअरिंगच्या वेब्जमधून (बेअरिंग धरून ठेवणाऱ्या ब्लॉकच्या आतल्या भिंती) गेलेलं नसेल तर बीडाचा ब्लॉक थंड पद्धतीनं, पट्ट्या आणि स्क्रू गुंतवून शिवता येतो. तुटलेले सगळे तुकडे चेंबरमधून गोळा करून ठेवा, शिवणाऱ्याला त्यांच्यावरून आकार जुळवता येतो. एका जागी वेल्डिंग करू देऊ नका. थंड ब्लॉकवर तेवढाच भाग तापला की बाजूला नवा तडा जातो.