रोलिंगच्या शब्दाला एवढं वजन कुठून आलं?

प्रश्न: ताई, माझी लेक नववीत आहे, हॅरी पॉटरसाठी वेडी. लीड्सला राहणारी तिची मावसबहीण म्हणते ती लेखिका ट्रान्स लोकांच्या विरोधात आहे, पुस्तकं रद्दीत घाल. एका लेखिकेच्या ट्विटने खरंच कायदा बदलतो का हो? आणि पुस्तकांचं काय करू? – एक आई, नाशिक

उत्तर: नुसत्या ट्विटने नाही बदलत, पण जे. के. रोलिंग ट्विटवर थांबल्याच नाहीत. जून २०२० मध्ये त्यांनी मोठा निबंध लिहिला, त्यात पहिल्या लग्नातला छळ आणि स्वतःवर झालेला लैंगिक हल्ला सांगितला, आणि म्हणून बायकांच्या जागा बायकांसाठीच राहाव्यात असं मांडलं. ते दुःख खरंच आहे, त्यावरून त्यांना धमक्या देणाऱ्यांची बाजू मी कधीच घेणार नाही. पण त्या दुःखाचा हिशोब ट्रान्स बायकांकडून, म्हणजे जन्माला मुलगा म्हणून नोंद झालेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्यांकडून, का मागायचा, हे मला आजही पटत नाही.

मग पैसा आला. २०२२ ला एडिनबरात अत्याचार झालेल्या बायकांसाठी त्यांनी स्वखर्चाने केंद्र काढलं, ट्रान्स बायकांना तिथे प्रवेश नाही. २०२४ ला ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या बायकांच्या संघटनेला कोर्टाच्या खर्चासाठी ७० हजार पौंड दिले, आणि तिच्याच खटल्यात १६ एप्रिल २०२५ ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २०१० च्या समानता कायद्यात स्त्री म्हणजे जन्माने स्त्री. ट्रान्स लोकांना भेदभावापासून संरक्षण कायम आहे हेही त्याच निकालात आहे, आणि हा एका गटाचा दुसऱ्यावर विजय समजू नका असं न्यायमूर्ती हॉज निकाल वाचताना बोलले, पण रोलिंगनी त्याच दिवशी हातात सिगार घेऊन सेलिब्रेशनचा फोटो टाकला!

निकाल कोर्टाचाच, त्यांनी विकत घेतला असं कुणी म्हणू नये. मला खटकतं ते वेगळंच. माजी न्यायाधीश व्हिक्टोरिया मॅक्लाउड, स्वतः ट्रान्स, आमचंही ऐका म्हणून कोर्टाकडे गेल्या होत्या, त्यांना परवानगीच मिळाली नाही. ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न त्यांना बोलायला जागा नाही, आणि लेखिकेचं एकेक वाक्य कोटीभर फॉलोअर्सपर्यंत जातं.

पुस्तकं राहू द्या हो. सिनेमात हॅरी झालेल्या खुद्द डॅनियल रॅडक्लिफने २०२० मध्ये ट्रान्स बायका बायकाच आहेत असं जाहीर लिहिलं, आणि त्याच निवेदनात वाचकांना सांगितलं की पुस्तकांतून जे मिळालं ते गमावू नका. रोलिंगचा निबंध आणि हे निवेदन दोन्ही लेकीला वाचायला द्या, आणि तिचं मत तिलाच बनवू द्या, नववीतल्या मुलीला ते जमतं.