गाणं कुणाचं, टेप कुणाची

घसा बसलाय. डॉक्टरांनी दहा दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, कुजबुजायचंही नाही. कुजबुजल्यानं घशाला आराम पडतो हा माझा वीस वर्षांचा समज होता, तोही गेला. मग या प्रश्नोत्तरांच्या सदरासाठी साठलेली पत्रं उघडून बसले. या वेळी फक्त स्वतः लिहिणाऱ्या, स्वतः चाल बांधणाऱ्या आणि स्वतःच गाणाऱ्या मंडळींची पत्रं घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांचा आहे. लोकसंगीताच्या ठेक्यावर पॉप वळणाची गाणी करतो. एका कंपनीनं चार गाण्यांसाठी करार पाठवलाय. रेकॉर्डिंग आणि व्हिडिओचा खर्च त्यांचा. करारात ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, सर्व माध्यमांसाठी’ असं लिहिलंय. मित्र म्हणतात, अशी संधी परत येत नाही. सही करू का?

उत्तर : अजून केली नसशील तर पेन खाली ठेव.

तुझ्याच वयाची असताना मीही अशीच सही केली होती. साउंड चेक चालू होता, स्टेजमागच्या जिन्यावर बसले होते, आणि पेनसुद्धा त्यांचंच होतं. करार अकरा पानांचा. मी वाचलं फक्त एक पान, ज्यावर रक्कम होती ते. पुढे त्यातल्याच एका गाण्याची कार्यक्रमात सगळ्यात जास्त फर्माईश येऊ लागली, तेव्हा कळलं की माझ्याच आवाजातलं ते रेकॉर्डिंग मला माझ्या अल्बममध्ये घेता येत नाही. करारात नव्यानं रेकॉर्ड करायला जी मनाई होती, तिची मुदत संपायची वाट पाहून सहा वर्षांनी मी ते नव्यानं रेकॉर्ड केलं. तोवर आवाज खाली उतरला होता, म्हणून पट्टी दोन सुरांनी खाली घेतली. लोकांना अजून जुनंच आवडतं. मलाही, खरं सांगायचं तर.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात, हे आधी डोक्यात पक्कं कर. शब्द आणि चाल ही एक. तिला रचना म्हणू. ती रचना एका दिवशी, एका खोलीत, एका आवाजात टिपली गेली ते रेकॉर्डिंग ही दुसरी. त्याला धंद्यात मास्टर म्हणतात. दोन्हींचे आंतरराष्ट्रीय क्रमांकसुद्धा वेगळे असतात. आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक रेकॉर्डिंगचा, आयएसडब्ल्यूसी रचनेचा. उद्या तुझं गाणं दहा जणांनी गायलं तर रेकॉर्डिंगं दहा होतील, रचना एकच राहील. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत तुझ्याकडून दोन्ही जातात.

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचं प्रकरण तू ऐकलं असशीलच. 2019 मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर जुन्या कंपनीसकट दुसऱ्याच्या हातात गेले. 2021 पासून ती त्यातले अल्बम नव्यानं रेकॉर्ड करून बाजारात आणू लागली. हे जमलं ते गाणी तिनं लिहिलेली होती म्हणून. रचनेवर तिचा हक्क शाबूत होता. शेवटी 2025 मध्ये तिनं मूळ मास्टरही विकत घेतले. पण तिच्याएवढे पैसे आणि वकील आपल्याकडे कुठले? आपल्या परिस्थितीच्या जवळचं उदाहरण सॉलोमन लिंडाचं. दक्षिण आफ्रिकेतल्या या गायकानं 1939 मध्ये ‘म्बुबे’ नावाचं गाणं रेकॉर्ड केलं. हक्कांच्या बदल्यात त्याला दहा शिलिंग मिळाले. 1961 मध्ये त्याच चालीवर अमेरिकेत ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ झालं आणि जगभर वाजलं. 1962 मध्ये लिंडा गरिबीतच गेला. त्याच्या मुलींना तडजोडीतून वाटा मिळाला तो 2006 मध्ये.

म्हणून कंपनीला उलट पत्र लिही. रचना माझ्याकडेच राहील. मास्टर विकणार नाही, पाच किंवा सात वर्षांसाठी वापरायला देईन, मुदत संपली की परत. तेच गाणं नव्यानं रेकॉर्ड करायला किती काळ मनाई आहे, ते लिहून मागव. हिशेब तपासायचा हक्क माग. आणि ‘खर्च त्यांचा’ हे शब्द नीट पाहा. बहुतेक करारांत तो खर्च तुझ्या वाट्यातून आधी वळता होतो आणि मगच तुझ्या हाती काही येतं. म्हणजे व्हिडिओचा ड्रोन तुझ्याच पैशांनी उडालेला असतो. एवढं लिहिल्यावर कंपनी बोलायला बसली तर एका वकिलाची फी भर आणि त्याला बरोबर ने. बसलीच नाही, तर मित्रांची ‘संधी’ काय होती ते तुला कळेल.

मोठ्या कंपनीशी वैर धर असं मी म्हणत नाहीये. कॅनडातल्या लोरीना मॅकेनिट या गायिकेनं 1985 मध्ये क्विनलन रोड ही स्वतःची कंपनी काढली. रस्त्यावर हार्प वाजवत तिनं कॅसेट विकल्या. पुढे वॉर्नरसारख्या बड्या कंपनीकडून तिनं रेकॉर्ड जगभर पोचवून घेतल्या, पण मालकी स्वतःकडेच ठेवली. आधी ऐकणारी माणसं जमवली, मग करार केला. हा क्रम तेवढा उचल.

प्रश्न : आजीकडून ऐकलेल्या एका पारंपरिक गाण्याला मी नवीन कडवी जोडली, गिटार आणि सिंथवर बसवलं. श्रेयात ‘गीत-संगीत’ म्हणून माझं नाव टाकलं. आता एक ज्येष्ठ गायिका रागावल्या आहेत. माझं काय चुकलं?

उत्तर : नाव चुकवलंत.

कायद्यानं पारंपरिक गाणं बहुतेक ठिकाणी कुणाच्याच मालकीचं नसतं, ते कुणीही गावं. तुमची नवी कडवी तुमची, तुमची वाद्यरचना तुमची. पण मूळ मुखडा तुमचा नाही, आणि ऐकणाऱ्याला तो तुमचा वाटावा अशी पाटी तुम्ही लावलीत. ‘पारंपरिक, नवीन कडवी आणि संगीत संयोजन अमुक’ असं लिहायला हवं होतं. आणखी एक तपासा. आजीनं ते गाणं कुठून उचललं होतं? ‘पारंपरिक’ म्हणून फिरणाऱ्या कितीतरी गाण्यांना खरा, नावाचा माणूस असतो. मी स्वतः एकदा एका चालीला पारंपरिक म्हणून मोकळी झाले होते. कार्यक्रम संपल्यावर कवीचा मुलगा भेटायला आला. भांडला नाही, फक्त वडिलांचं पुस्तक हातात ठेवून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

‘स्कारबरो फेअर’ हे इंग्लंडमधलं जुनं लोकगीत. लंडनच्या फोक क्लबांत मार्टिन कार्थी हा गायक ते स्वतःच्या गिटार-बांधणीत गायचा. अमेरिकन गायक पॉल सायमननं ते त्याच्याकडून ऐकलं आणि 1966 मध्ये सायमन अँड गारफंकल या त्याच्या जोडीच्या अल्बमवर आलं तेव्हा कार्थीचं नाव नव्हतं. कार्थीला ते वर्षानुवर्षं सलत राहिलं. 2000 मध्ये सायमननं लंडनच्या कार्यक्रमात त्याला मंचावर बोलावलं आणि दोघांनी ते एकत्र गायलं. एका ओळीच्या श्रेयासाठी चौतीस वर्षं!

तुम्ही त्या बाईंना आज फोन करा आणि श्रेय दुरुस्त करा. ऑनलाइन श्रेय बदलता येतं, गाणं ऑनलाइन सेवांवर चढवणाऱ्या वितरकाला एक अर्ज लागतो एवढंच.

प्रश्न : माझ्या गाण्याला वर्षभरात 40,000 स्ट्रीम मिळाले. हातात आलेल्या पैशांत गिटारच्या तारांचे दोन संचही येणार नाहीत. कुठे गळती होते आहे?

उत्तर : गळती म्हणाल तर योजनेतच आहे. बहुतेक सेवांमध्ये वर्गणी आणि जाहिरातींचा पैसा एका हंड्यात पडतो आणि एकूण ऐकण्यांत ज्याचा जितका टक्का, तितका त्याला. तुमच्या चाहत्यानं महिनाभर फक्त तुम्हालाच ऐकलं तरी त्याची वर्गणी सरळ तुमच्याकडे येत नाही, ती त्याच हंड्यात जाते. स्पॉटिफायवर तीस सेकंदांच्या आत कुणी गाणं सोडलं तर ते मोजतच नाहीत. 2024 पासून तर ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत 1,000 स्ट्रीम नाहीत, त्याला रेकॉर्डिंगचे पैसेच नाहीत. (या तीस सेकंदांपायी लोक आलाप कापून मुखडा पहिल्या श्वासात आणायला लागलेत. मी एका गाण्यात कापला होता. मंचावर मात्र तो परत घेते.)

पण तुमचं पत्र वाचताना एक लक्षात आलं. तुम्ही फक्त वितरकाच्या हिशेबाबद्दल लिहिलंय. ते पैसे मास्टरचे. रचनेचे कुठे आहेत? लेखक-संगीतकारांच्या हक्कसंस्थेत नाव नोंदवलंय का? गाणं रेडिओवर, हॉटेलात, कार्यक्रमात वाजलं तर रचनेचे पैसे त्या संस्थेमार्फत येतात, आणि नोंदणी नसेल तर ते तुमच्यापर्यंत येणार कसे?

या व्यवस्थेच्या मुळाशी एका गीतकाराचा हट्ट आहे, म्हणून ती मला आवडते. 1847 मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्त बुर्जे साखरपाणी पीत बसला होता आणि तिथे त्याचंच गाणं सादर होत होतं. बिल आलं तेव्हा तो म्हणाला, तुम्ही माझं गाणं फुकट वापरता, मी तुमचं पाणी फुकट पितो. भांडण कोर्टात गेलं, बुर्जे जिंकला, आणि 1851 मध्ये सासेम ही फ्रान्समधली हक्कसंस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे.

उरलेली गोष्ट थेट विक्रीची. कलाकाराला स्वतःची गाणी थेट विकता येतात अशा बँडकँपसारख्या वेबसाइटवर डिजिटल विक्रीवर साधारण 15 टक्के कापून बाकी तुमच्याकडे येतं, वर पैसे हाताळण्याचं शुल्क. पण खरा फायदा हा की विकत घेणाऱ्याचा ईमेल पत्ता तुम्हाला मिळू शकतो. माझ्याकडे 1,900 पत्त्यांची यादी आहे. पहिले चाळीस मी कार्यक्रमानंतर टेबलावर वही ठेवून हातानं लिहून घेतले. मागचा अल्बम छापायचा खर्च या यादीनं आगाऊ ऑर्डर देऊन उचलला. स्ट्रीमिंगच्या पैशांत फार तर मुखपृष्ठ झालं असतं.

प्रश्न : एकट्यानं कार्यक्रम करायला कमीत कमी काय सामान लागतं?

उत्तर : पिकअप (तारांचा आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) असलेली गिटार, स्वतःची केबल, स्वतःचा डीआय बॉक्स (गिटार साउंड सिस्टिमला जोडणारी डबी), ट्यूनर, कॅपो (पट्टी बदलायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा), तारांचा जादा संच. आणि साउंडवाल्याचं नाव विचारून लक्षात ठेवा. हे शेवटचं विसरलात तर वरच्या सामानाचा उपयोग नाही.

प्रश्न : मी 41 वर्षांची आहे, नोकरी करते. दोन वर्षांत सात गाणी झाली. घरचे म्हणतात, हे वय नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ करावं का? सोबत तिसरं गाणं पाठवते आहे.

उत्तर : वयाचं आधी निकालात काढू. अमेरिकेतली एलिझाबेथ कॉटन डावखुरी होती, म्हणून गिटार उलटी धरून वाजवायची. लहानपणी गाणी केली, मग कित्येक वर्षं गिटारला हातही लावला नाही. लोकसंगीतात रमलेल्या सीगर कुटुंबाकडे घरकाम करताना तिथल्या भिंतीवरची गिटार एक दिवस तिनं खाली काढली. तिचा पहिला अल्बम 1958 मध्ये आला, साठी ओलांडल्यावर. ग्रॅमी मिळालं नव्वदीच्या आसपास. तोवर तिनं लहानपणी केलेलं ‘फ्रेट ट्रेन’ इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या नावावर फिरूनही आलं होतं. (पहिल्या पत्रातल्या मुला, वाचतोयस ना?)

नोकरीचं मी सांगू नये, पण माझं सांगते. नऊ वर्षं मी नोकरी करत गायले. सुट्ट्या कार्यक्रमांना जायच्या, ऑफिसात मला सगळे सतत आजारी पडणारी बाई समजायचे. सोडली ती सलग चोवीस महिने गाण्याचं उत्पन्न वहीत मांडून, आणि त्यातला सगळ्यात वाईट महिना पाहून. सरासरी पाहिली असती तर तीन वर्षं आधीच सोडली असती आणि बहुधा परत रुजू झाले असते. आजही माझं निम्मं उत्पन्न कार्यक्रमांचं, उरलेल्यात थेट विक्री आणि गीतलेखनाच्या शिकवण्या.

सात गाण्यांवर नोकरी सोडू नका. पंधरा होऊ द्या, म्हणजे दीड तास कुणाचीही कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, न गाता काढता येईल.

तुमचं तिसरं गाणं चारदा ऐकलं. बोलायची बंदी आहे, ऐकायची नाही. ‘दाराची कडी’वाली ओळ मला माझ्या गाण्यात हवी होती. दुसरं कडवं मात्र पहिल्यानं सांगितलेलंच पुन्हा सांगतंय, ते काढून पाहा. आणि कॅपो दोन फ्रेट खाली आणा, वरच्या सुरावर तुमचा आवाज घाबरतोय. नवं रेकॉर्डिंग पाठवा, मोबाइलवर केलेलं चालेल.